ग्रासकटर पडवीत टांगण्यापूर्वी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, भातकापणी उरकली आणि कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमधली गवतकापणीही आता हातावेगळी होत आली आहे. कलमांच्या बुंध्याशी वाढलेले रान मोहोर यायच्या आत निघाले पाहिजे आणि काजूच्या बिया पडू लागण्याआधी खालची जमीन स्वच्छ झाली पाहिजे, एवढ्यासाठी आणखी दोन-तीन आठवडे यंत्रे चालतील. त्यानंतर ती पडवीच्या खुंटीला किंवा माळ्यावर जातील, ती थेट पुढच्या आषाढ-श्रावणात खाली उतरतील. ग्रासकटर, म्हणजे पेट्रोलवर चालणारे हे गवत कापायचे लहान यंत्र, कामात असताना जेवढे बिघडते, त्याहून अधिक ते या सात-आठ महिन्यांत नुसते टांगलेले असताना बिघडते, असा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. म्हणून ही गोष्ट यंत्र ठेवायच्या वेळी, म्हणजे आत्ता, सांगायची आहे. ऑगस्टमध्ये मिस्त्रीच्या दुकानासमोर वीस-वीस यंत्रे ओळीने पडलेली असतात, तेव्हा सांगून तिचा काही उपयोग होत नाही.

माझी बाग राजापूर तालुक्यात कातळाच्या कडेला आहे. पहिला ग्रासकटर मी २०११ साली घेतला. त्याआधी श्रावणात कोयती घेऊन आठ-दहा माणसे पंधरवडाभर राबत असत. आज तेवढी माणसे वाडीत उरलेली नाहीत आणि जी आहेत त्यांच्या स्वतःच्याही बागा आहेत. त्यामुळे यंत्र ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. पावसाने चार दिवसांची उघडीप दिली आणि नेमके त्याच वेळी यंत्र सुरू झाले नाही, तर पुढची उघडीप येईपर्यंत गवत कमरेच्या वर जाते, त्याची बोंडे पिकून झडतात आणि पुढच्या वर्षी तेच गवत दुप्पट उगवते. यंत्र दुरुस्त करून आणण्याचा खर्च मी एक वेळ सोसतो, पण हे चार दिवस परत मिळत नाहीत.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला प्रसंग सांगतो. आमच्याकडे दोन यंत्रे आहेत, एक टू-स्ट्रोक, म्हणजे ज्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते ते, आणि एक फोर-स्ट्रोक, म्हणजे ज्यात तेल वेगळे भरतात ते. हंगामाच्या पहिल्या दिवशी गड्याने पडवीच्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा कॅन उचलला. त्यात आदल्या वर्षीचे, टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) मिसळलेले दीड-दोन लिटर पेट्रोल शिल्लक होते. ते त्याने टू-स्ट्रोक यंत्रात ओतले आणि कामाला सुरुवात केली. यंत्र कसेबसे सुरू झाले, पंधरा-वीस मिनिटे अडखळत चालले, मग त्याचा आवाज बसला आणि ते बंद पडले. नंतर दोरी ओढायला गेलो तर ती जागची हलेना. मिस्त्रींनी सिलिंडर उघडून पिस्टन माझ्या हातात दिला. त्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे पडले होते, नखाला लागतील इतके खोल, आणि रिंग खाचेतच चिकटून बसली होती. ते म्हणाले, “काका, मशीन चांगलं आहे. तुमचं पेट्रोल मेलंय.”

घरी येऊन मी कॅनमधले उरलेले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतले आणि अंगणात, चुलीपासून लांब, कट्ट्यावर ठेवले. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर स्पष्ट दिसू लागले. वरचा थर तेलाचा निळसर रंग घेतलेला होता. तळाशी तीन-चार बोटे उंचीचा, किंचित गढूळ, पाण्यासारखा थर होता. बाटली हलवली की दोन्ही थर क्षणभर मिसळत आणि ठेवली की पुन्हा वेगळे होत. कॅनचे झाकण ढिले होते आणि तो पागोळीच्या अगदी कडेला ठेवलेला होता, हे मला तेव्हा आठवले.

हे दोन थर कसे झाले, ते समजून घेतल्याशिवाय पुढची काळजी नीट घेता येत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आज पंपावर मिळणारे पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात इथेनॉल, म्हणजे ऊस-मक्यापासून काढलेला मद्यार्क, मिसळलेले असते. १० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीला आले आणि २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच साध्य झाल्याचे सरकारने जाहीर केले. या धोरणाला माझा विरोध नाही; परदेशातून आणावे लागणारे तेल कमी व्हावे आणि उसाला, मक्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे, ही त्यामागची कारणे मला पटतात. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीत आठ-दहा दिवसांत टाकी संपते, त्यामुळे तिथे पेट्रोल साठून राहण्याचा प्रश्नच येत नाही. वर्षातले तीन-चार महिने चालून बाकीचे महिने टांगून राहणाऱ्या यंत्राचे मात्र तसे नसते.

इथेनॉल पाणी ओढून घेते. साध्या पेट्रोलमध्ये पाणी पडले तर ते थेंबाथेंबाने तळाशी बसते आणि दिसते. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी विरघळून जाते, त्यामुळे सुरुवातीला काहीच दिसत नाही. पण ठरावीक मर्यादेपेक्षा पाणी वाढले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. एका लिटरला चार-दोन चमचे पाणी त्यासाठी पुरेसे होते. म्हणूनच तळाचा थर पडलेल्या पाण्याच्या मानाने कितीतरी मोठा दिसतो, कारण त्यात पेट्रोलमधले बरेचसे इथेनॉलही आलेले असते. टू-स्ट्रोक यंत्रात यापुढचा धोका अधिक गंभीर आहे. आपण मिसळलेले टूटी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते, तळाच्या थरात ते जवळजवळ नसते. आणि टाकीतली नळी, तिच्या टोकाला बसवलेल्या वजनदार फिल्टरमुळे, नेमकी तळाशी लोळत असते. म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा मिळते ते तेल नसलेले इथेनॉल-पाणी. माझा पिस्टन त्यानेच गेला.

सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारणेही बरोबर होणार नाही. इथेनॉल नसलेले पेट्रोलही ठेवून खराब होतच होते. त्यातला हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे राहिलेला भाग हवेशी संयोग पावून राळेसारखा चिकट होतो. मार्च ते मे या महिन्यांत पत्र्याच्या पडवीत किती तापते ते आपण जाणतोच. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरच्या आत पेट्रोल ज्या छिद्रांतून जाते ती केसाएवढी बारीक असतात. त्यांत ही राळ सुकली की यंत्र सुरू होत नाही, किंवा चोक (सुरू करताना हवा कमी करणारी कळ) लावला असेपर्यंत चालते आणि चोक काढताच बंद पडते. याशिवाय जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, ताठ होतात, चिरतात. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल वापरू नये, असे छापलेले असते. पण ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि खोक्याबरोबरच टाकून दिली जाते.

आता यंत्र ठेवायचे कसे, ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाचे काम म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करणे. यंत्र गार झाल्यावर, उघड्या जागेवर, टाकीतले पेट्रोल डब्यात काढून घ्यावे. मग तळाशी उरलेल्या थेंबांवर यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालू ठेवावे. बंद पडले की पेट्रोल वर ओढणारा पारदर्शक रबरी फुगा कोरडा दिसेपर्यंत आठ-दहा वेळा दाबावा, चोक लावून पुन्हा सुरू करावे, आणि एकही आवाज येईनासा झाला की थांबावे. नुसती टाकी ओतून रिकामी केली म्हणजे झाले, असे समजणारे पुष्कळ जण आहेत. मीही पाच-सहा वर्षे तसेच करीत होतो. कार्बोरेटरमध्ये उरलेले चमचाभर पेट्रोलच पुढे राळ होऊन बसते, म्हणून ते जाळून संपवणे आवश्यक आहे. ओलसर राहिलेले पडदे एकमेकांना चिकटतात, तेही त्यामुळे टळते.

काढून घेतलेल्या पेट्रोलचे काय करायचे, हेही लगेच ठरवावे. फोर-स्ट्रोक यंत्रातून निघालेले साधे, ताजे पेट्रोल मोटारसायकलीत घालून संपवता येते. तेल मिसळलेले पेट्रोल तिच्यात घालू नये. ते पुढच्या वर्षासाठी राखून तर मुळीच ठेवू नये. शेवटच्या आठवड्यात लागेल तेवढेच कालवावे, म्हणजे उरण्याचा प्रश्न येत नाही. एक लिटर पेट्रोलला १:५० प्रमाणात २० मिली, १:४० ला २५ मिली आणि १:२५ ला ४० मिली तेल लागते. आपल्या यंत्राला यातले कोणते प्रमाण लागते, हे टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहून पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. अंदाजाने बुचभर तेल ओतण्याची आपल्याकडची सवय दोन्ही बाजूंनी नडते: कमी पडले तर पिस्टन जातो, जास्त पडले तर सायलेन्सर काजळीने भरतो.

त्यानंतर प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, काढून त्या भोकातून चहाच्या छोट्या चमच्याने एक चमचा स्वच्छ इंजिन ऑइल सोडावे, दोरी चार-पाच वेळा हळूहळू ओढावी आणि प्लग परत बसवावा. शेवटी दोरी ओढताना जिथे हाताला जोर लागू लागतो, तिथेच ती सोडून द्यावी. त्या जागी पिस्टन वर असतो आणि आतली वाट बंद राहते, म्हणजे दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात हे किती गरजेचे आहे, ते किनाऱ्यालगतच्या गावांना वेगळे सांगायला नको. फोर-स्ट्रोक यंत्राचे तेल यंत्र कोमट असतानाच बदलावे. जुने काळे तेल आत ठेवून आठ महिने टांगू नये. होंडाच्या जीएक्स ३५ सारख्या इंजिनात जेमतेम १०० मिली तेल मावते, त्याला हात आखडण्याचे कारण नाही. त्या इंजिनाचे तेल पहिल्यांदा १० तासांच्या कामानंतर आणि पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचे असते, पण आमच्या वाडीत तीन-तीन हंगाम तेच तेल चालवलेली यंत्रे मी पाहिली आहेत.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, तेलाचे दोन थेंब चोळून आणि घट्ट पिळून बसवावा. पाते काढून त्याखाली गुंडाळलेले गवत सुरीने कापून काढावे आणि दांड्याच्या टोकाच्या गिअरमध्ये ग्रीस भरावे. ग्रीस भरायच्या जागेवर एक लहान बोल्ट असतो. तो कधीच न उघडल्यामुळे गंजून बसलेला आढळतो. ही कामे अर्ध्या तासाची आहेत.

यंत्र ठेवायची जागाही विचार करून निवडावी. आपल्या जुन्या घरांत जे जे कोरडे राहायला हवे, ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची पद्धत आहे. बियाणे, टोपल्या, इरली सगळे धुरात सुरक्षित राहते. ती पद्धत चांगलीच आहे, परंतु तीच जागा ग्रासकटरला देणारी घरे मी पाहिली आहेत, आणि टाकीत पेट्रोल तसेच असलेले यंत्र चुलीवर लटकताना पाहून अंगावर काटा आला आहे. यंत्र कोरड्या, हवेशीर, आगीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून दूरच्या जागी ठेवावे. फोर-स्ट्रोक यंत्र कसेही आडवे-तिडवे टाकले तर तेल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये उतरते, म्हणून ते पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे सरळ टांगावे. आणखी एक खास आपल्याकडची बाब. कुंभारीण माशीला भोक दिसले की ती त्यात मातीचे घर बांधते. सायलेन्सरचे तोंड तिला फार सोयीचे असते. एका वर्षी माझे यंत्र सुरू होऊन लगेच गुदमरत होते. मिस्त्रींकडे नेण्याआधी सहज सायलेन्सरच्या तोंडात काडी घातली तर सुकलेल्या मातीचा आख्खा गोळा बाहेर आला. तेव्हापासून मी तिथे लाल फडक्याची घट्ट घडी कोंबतो आणि तिचे टोक वीतभर बाहेर लोंबत ठेवतो, म्हणजे काढायची विसरत नाही.

पेट्रोलच्या डब्याविषयी कायदाही स्पष्ट आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असले पाहिजे, काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे असेल तर एक लिटरपर्यंतचे आणि धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतचे. पिण्याच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली त्यात कुठेच बसत नाही, आणि आपल्या घरोघरी पेट्रोल त्याच बाटलीत असते. पाच लिटरचा पत्र्याचा, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा डबा एकदा घेतला की अनेक वर्षे टिकतो. तो भरताना गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवावा, आणि घरी आणल्यावर त्यावर आणल्याची तारीख लिहावी. मी महिन्याहून जुने पेट्रोल यंत्रात घालत नाही.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नाही, तर दोरी ओढत बसण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली गोष्ट, बंद-चालूचे बटण. हे लिहिण्यासारखे नाही असे वाटेल, पण दोन कोस चालत यंत्र दुरुस्तीला आणून बटण बंद निघालेले मिस्त्रींनी मला दाखवले आहे. दुसरी, पेट्रोल ताजे आहे का आणि रबरी फुग्यात ते वर येताना दिसते का. फुगा दाबूनही भरत नसेल, त्यात हवेचे बुडबुडेच येत असतील, तर टाकीत शिरते त्या जागी नळी चिरलेली असते किंवा आतला फिल्टर तुंबलेला असतो. या नळीची आणि फिल्टरची किंमत फार नसते; त्या दरवर्षी बदलल्या तरी चालतील.

यानंतर प्लग काढावा. यंत्राला काय झाले आहे, हे प्लग जितके खरे सांगतो तितके दुसरे काही सांगत नाही. आठ-दहा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल आत पोहोचलेले नाही आणि दोष कार्बोरेटरच्या बाजूला आहे. तो पेट्रोलने ओलाचिंब असेल, तर पेट्रोल भरपूर आहे आणि ठिणगी नाही, किंवा चोक लावून जास्त वेळ दोरी ओढल्यामुळे इंजिनात पेट्रोल तुंबले आहे. अशा वेळी प्लग पुसून वाळवावा, तो बाहेर ठेवून चोक न लावता दोरी पाच-सात वेळा ओढावी, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग बसवून पाहावे. चांगल्या चालणाऱ्या यंत्राच्या प्लगचे टोक तपकिरी, विटकरी रंगाचे असते. काळीकुट्ट मऊ काजळी असेल तर तेल जास्त झाले आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढरे फटक असेल तर इंजिन प्रमाणाबाहेर तापते आहे आणि ते तसेच चालवणे धोक्याचे आहे. टोकांमधले अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. प्लग बदलूनही काम भागत असेल तर त्याची कंजुषी करू नये; मी दर हंगामाला नवा घालतो आणि जुना यंत्राच्या पिशवीत राखीव ठेवतो.

काही दोष यंत्र सुरू झाल्यावर कळतात. यंत्र पाच-सात मिनिटे छान चालून मरगळते आणि टाकीचे झाकण ढिले करताच पुन्हा जोम धरते, असे झाले तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजलेले असते. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नाही. सुई घालून ते मोठे करू नये, ताज्या पेट्रोलने धुऊन फुंकून काढावे. यंत्र सुरू राहते पण वेग घेत नाही, असे असेल तर सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काजळीने बुजली आहे का ते पाहावे. ती काढून ताठ ब्रशने साफ करावी आणि परत बसवावी. काही जण ती जाळी कटकट म्हणून काढूनच टाकतात. हे फार वाईट आहे, कारण सायलेन्सरमधून उडणाऱ्या ठिणग्या अडवण्यासाठीच ती तिथे असते.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे. पावसाळ्यात ओल्या गवतात यंत्र चालवताना आगीचा विचार कुणाच्या मनात येत नाही. पण डिसेंबरनंतर कातळावरचे गवत वाळून कोळ होते आणि मार्चपर्यंत एका ठिणगीने मैलभर रान पेटते. वणव्यात दहा-दहा वर्षे वाढवलेली काजूची झाडे एका दुपारी गेलेली मी पाहिली आहेत, आणि अशा बागेचा मालक दुसऱ्या दिवशी काळ्या जमिनीवर उभा असतो तेव्हा त्याच्याशी काय बोलावे ते सुचत नाही. वणवा थांबवण्यासाठी बागेभोवती जी पट्टी साफ करायची, ती अनेक जण उशिरा, गवत वाळल्यावर, ग्रासकटरनेच काढतात. ते काम नोव्हेंबर संपण्यापूर्वी, गवतात ओल असताना करावे. उशीर झालाच तर सकाळी दव असताना करावे, जाळी जागेवर आहे याची खात्री करावी, पाण्याचा पंप पाठीवर घेतलेला माणूस सोबत ठेवावा आणि तापलेले यंत्र वाळल्या गवतावर कधीही टेकवू नये. पेट्रोल भरताना यंत्र थंड होऊ द्यावे, बिडी-विडी दूर ठेवावी, आणि जिथे भरले तिथून निदान दहा पावले लांब जाऊन मग सुरू करावे.

कार्बोरेटरवरच्या दोन लहान स्क्रूंविषयीही सांगितले पाहिजे. यंत्र नीट चालेना की हाताशी आलेला पेचकस घेऊन ते फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. एकदा ते हलले की मूळ जागा सापडत नाही, पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळू लागते, इंजिन किंचाळत फिरते आणि तापून पिस्टन चिकटतो. फिल्टर, नळी, प्लग आणि जाळी ही चारही ठिकाणे पाहून झाल्याशिवाय त्या स्क्रूंना हात लावू नये, आणि त्यानंतरही तो हात मिस्त्रींचा असावा.

आता माझ्या मागण्या. ब्रशकटर, म्हणजे हाच ग्रासकटर, आज कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून, राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केल्यावर, अनुदानावर मिळतो. शासन त्यासाठी पैसा खर्च करते, ही समाधानाची बाब आहे. मग त्या यंत्राबरोबर मराठीत छापलेले एक पान, जाड कागदावर, भिंतीला लावता येईल असे, देण्याची अट विक्रेत्याला घालणे अवघड नाही. त्या पानावर तेलाचे प्रमाण, तेल बदलण्याची मुदत, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करण्याची कृती आणि यंत्राला किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते, एवढे असले तरी पुरे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या भागातल्या शेतकऱ्यांसाठी काम करीत आहे; त्यांच्या अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी असे पान तयार करून दिले तर त्याचे वजन राहील. यंत्र हाती देताना अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक बंधनकारक करावे, आणि ते यंत्र सुरू कसे करायचे एवढ्यावर न संपता हंगामानंतर ठेवायचे कसे, इथपर्यंत जावे. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) नोव्हेंबरमध्ये गावोगाव एक सकाळ यासाठी दिली, तर ऑगस्टमधल्या रांगा निम्म्याने कमी होतील, असे मला मनापासून वाटते.

पेट्रोल पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे, हे ठळक मराठी अक्षरांत प्रत्येक नळीवर लिहिलेले असावे, ही दुसरी मागणी. काही पंपांवर ते असते, काही ठिकाणी ते शोधावे लागते, काही ठिकाणी विचारले तर भरणाऱ्या मुलालाही माहीत नसते. शेतकऱ्याने शंका आली तर घरी एक साधी परीक्षा करावी. खुणा असलेल्या काचेच्या उभ्या बाटलीत २० मिली पाणी घ्यावे, त्यात ८० मिली पेट्रोल ओतावे, बूच लावून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाचा थर २० च्या खुणेवरच राहिला तर इथेनॉल नाही. तो जितका वर चढला तितके इथेनॉल पेट्रोलमधून पाण्यात उतरले. ही परीक्षा उघड्यावर, आगीपासून दूर करावी आणि परीक्षेचे पेट्रोल कोणत्याही यंत्रात घालू नये.

आपल्या दैनिकाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आंब्याच्या फवारणीचे वेळापत्रक जसे छापले जाते तसेच, यंत्र ठेवण्याच्या कृतीलाही दरवर्षी चौकटीत जागा द्यावी, ही आपणांस विनंती आहे. माझे फोर-स्ट्रोक यंत्र येत्या रविवारी मी रिकामे करून टांगणार आहे. वाडीतल्या पाच-सहा जणांना त्या दिवशी सकाळी आपापली यंत्रे घेऊन अंगणात यायला सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक आंबा-काजू बागायतदार
ता. राजापूर, जि. रत्नागिरी